दोन बार, एक कान

मी एक दुनळी बंदूक. दोन नळ्या शेजारी-शेजारी, दोन चाप, अक्रोडाचा दस्ता. माझा आवाज ऐकला की लोक सहसा थांबत नाहीत, पळतात. तुम्ही थांबलात, आभारी आहे. घाबरू नका, आत्ता माझ्या पोटात काही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगतो की कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या माझ्यावर राबल्या. मला आठवतं ते एक हिरवं यंत्र, पांढऱ्या पाण्याचे फवारे आणि काचेपलीकडे जांभया देत बसलेली एक बाई. माझ्या दोन नळ्या जोडल्या तेव्हा मात्र एका माणसाने खरोखरच डोळा लावून पाहिलं होतं आणि कानशीने थोडं घासलंही होतं. तेवढंच काय ते पिढ्यान् पिढ्यांचं राबणं.

माझ्या कुशीवर दोन उडती बदकं कोरलेली आहेत. दुकानदार त्याला हाताची नक्षी म्हणतो. हात लागला होता हे खरं आहे. बटण दाबायला. माझ्या सगळ्या बहिणींच्या अंगावर हीच दोन बदकं आहेत आणि ती एकाच दिशेने पळताहेत. एवढ्या बंदुका एकत्र पाहिल्यावर दुसरं काय करणार बिचारी?

मला ‘आधुनिक’ म्हणतात. म्हणजे दिसायला मी आजोबांची, पण आतलं पोलाद नातवाचं. हल्लीची जोरदार काडतुसं मी सहज पचवते. तरुण गिऱ्हाईक आलं की दुकानदार मला ‘नवी’ म्हणून विकायला बघतो, म्हातारं आलं की ‘जुनी’ म्हणून. घेत मात्र दोघंही नसत.

कारण समोरच्या रांगेत त्या होत्या. एका नळीवर दुसरी नळी, एकच चाप, उंच मान. सध्या त्यांचीच चलती आहे. गिऱ्हाईक आत आलं की त्यांच्याकडे जायचं आणि परत जाताना माझ्यासमोर दोन मिनिटं थांबून म्हणायचं, “वा, अशी आमच्या आजोबांकडे होती.” पाहावं तिकडे आजोबाच. त्यांतल्या एकाने जरी नातवाला पुन्हा एक घ्यायला सांगितलं असतं तर माझी वर्षं भिंतीवर गेली नसती.

काही जण मला हातात घेत. एकाने माझ्या नळ्यांतून दुर्बिणीतून बघावं तसं रस्त्यापलीकडे बघितलं आणि “स्वच्छ दिसतंय” असं प्रमाणपत्र दिलं. एकाने मला खांद्याला लावून बायकोकडून फोटो काढून घेतला, तोही पोट आत घेऊन, आणि मग एक चामड्याचा पट्टा विकत घेऊन गेला. एका गृहस्थांनी दस्त्याचा रंग त्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटाला जुळतो का, असं विचारलं. दुकानदार म्हणाला, “अगदी जुळेल.” त्याने ते कपाट जन्मात पाहिलेलं नव्हतं.

आणि मग एक दिवस ते दोघं आले.

पुढे सासरे, मागे जावई. सासऱ्यांना सगळं गाव ‘सर’ म्हणे. ते शाळेतले सर नव्हते, मोटार चालवायला शिकवण्याची त्यांची शाळा होती. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी बसून काढलं होतं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शाळा आता त्यांची मुलगी चालवत होती, पण दुसऱ्याची गाडी आपण थांबवायची ही त्यांची सवय काही सुटली नव्हती. समोरचा बोलू लागला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जाई.

जावई पियानोचे सूर लावणारा. उंच, सडपातळ, हात लांब. घराघरांतले आणि सभागृहांतले पियानो उघडून, तारा पिळून, कान लावून बसायचं, हे त्याचं काम. त्याला मोठा आवाज सोसत नसे. दुकानाचं दार धाडकन लागलं तेव्हा त्याने डोळे मिटले होते, ते मी पाहिलं.

“जावयाला बंदूक घ्यायचीय!” सर म्हणाले. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली.

दुकानदाराने जावयाकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं.

“बजेट काय धरलंय सर?”

“गॅजेट-बिजेट नको. साधी बंदूक दाखवा.”

दुकानदार मनापासून हसला. बड्या माणसाने विनोद केला असं त्याला वाटलं. जावई हसला नाही. त्याने हळूच पुढे होऊन सासऱ्यांच्या उजव्या कानाशी म्हटलं, “बाबा, किती खर्च करायचा, ते विचारतायत.”

“मग तसं नीट बोलावं ना. ही हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.”

मला भिंतीवरून काढलं. दुकानदाराने मला मधून मोडून दाखवलं. घाबरू नका, आम्ही अशाच उघडतो. मग त्याचं पाठ केलेलं सुरू झालं. हलकी आहे, दिवसभर खांद्यावर वागवा. रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकते. दोन चाप आहेत, म्हणजे कोणती नळी आधी उडवायची ते तुमच्या हातात. “आणि सर, उजवीपेक्षा डावीला चोक जास्त आहे.”

“चूक?” सर भडकले. “चूक आहे हे माहीत असून विकता?”

“चोक, चोक सर. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं. त्याने छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात.”

“मला माहितीये चोक म्हणजे काय. तुम्ही चूक म्हणालात.”

जावई मधे पडला नाही. त्याचा हा रोजचा सराव असावा.

मग सरांनी मला उचलून खांद्याला लावलं. काय सांगू! माझा दस्ता त्यांच्या खांद्यात असा बसला, जणू त्या हिरव्या यंत्राने त्यांचंच माप घेतलं होतं. गाल बरोबर जागी, डोळा बरोबर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की आपण भिंतीसाठी जन्मलो नाही.

“वा!” सर म्हणाले. “जावईबापू, तुम्हाला अगदी फिट आहे.”

जावयाने मला लावून पाहिलं. त्याच्या लांब हातांना माझा दस्ता आखूड. अंगठा सरळ नाकावर आला. नाक चोळत तो म्हणाला, “थोडी लहान वाटते.”

“सवय होईल. मी लोकांना ट्रक शिकवलेत.”

“मागे रबराचं पॅड लावून देतो ना साहेब,” दुकानदार म्हणाला. “पुढच्या आठवड्यात या.” ते पॅड अजून यायचंय.

मग जावयाने एक गंमत केली. त्याने रांगेतल्या चार-पाच बंदुका एकेक करून उघडल्या आणि मान तिरकी करून, डोळे मिटून बंद केल्या. खट्. खटक्. खट-खट्. शेवटी मला. ठप्प.

“हिचं बंद होणं छान आहे,” तो म्हणाला. “बाकीच्यांचे दोन आवाज येतात, एकामागून एक. हिचा एकच.”

“वा साहेब, जाणकार दिसता!” दुकानदार म्हणाला. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण गिऱ्हाईक ‘छान’ म्हणालं होतं.

अशी माझी निवड झाली. सासऱ्यांनी मला घेतलं कारण मी त्यांना बसत होते, जावयाने घेतलं कारण मी मिटताना गोड वाजत होते, आणि दुकानदाराने दिलं कारण मी वर्षानुवर्षं खपत नव्हते. चष्मा घेताना त्याच्या डबीचा आवाज ऐकून पसंत करावा तसा प्रकार, पण मी कशाला तक्रार करू?

काउंटरवर हेडफोनसारखे कानसंरक्षक टांगलेले होते. दुकानदाराने दोन पुढे केले. “हे घ्याच. जावईबापूंसारख्या बारीक कानाच्या माणसाला तर हवेतच.”

“काय करायचेत?” सर म्हणाले. “कान झाकून बसल्यावर पक्षी कसे ऐकणार? आम्ही कधी लावले नाहीत. काही झालं का आम्हाला?”

दुकानदाराने ते परत खुंटीला टांगले. मग जावयाने सर बाहेर जायला वळलेले पाहून कानात घालायचे स्पंजचे छोटे बोळे घेतले आणि खिशात टाकले.

परवान्याच्या कचेरीतला किस्सा मला नंतर कळला. बाईंनी विचारलं, “बंदूक कशासाठी?” जावयाने प्रामाणिकपणे सांगितलं, “सासऱ्यांसाठी.” बाई म्हणाल्या, “असा पर्याय नाही हो,” आणि त्यांनी ‘खेळ’ असं लिहिलं.

माझं नवं घर म्हणजे एक पोलादी कपाट. ते जावयाच्या कामाच्या खोलीत भिंतीला बोल्ट मारून बसवलं, कारण बाकी भिंती तेवढ्या जाड नव्हत्या. बाजूला एक उभा पियानो, तारांची भेंडोळी, लोकरीचे तुकडे, हातोड्या. दार बंद झालं की मला काही दिसत नसे, फक्त ऐकू येई. तेव्हा पुढचं बरंचसं मी ऐकलेलं आहे. तुमच्यात ऐकीव गोष्टीला फारसा मान नसतो, पण दिवसभर दुसऱ्यांच्या कानाला लागणारी माणसंही तुमच्यातच असतात.

पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोचा आवाज आला.

“तुला नाही म्हणता येत नाही का रे?”

“येतं. बाबांना ऐकू येत नाही.”

ती हसली, मग हसायची थांबली. या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. सासूबाई फोनवरून बोलत तेव्हा मला कपाटातून प्रत्येक शब्द कळे. नवऱ्याशी इतकी वर्षं ओरडून बोलल्यावर त्यांना दुसरी पट्टीच उरली नव्हती. ‘जेवायला या’ हे वाक्यसुद्धा घराला आग लागल्यासारखं यायचं.

हंगाम सुरू झाला आणि आम्ही तळ्यावर गेलो. आधी मैदानावर थोडा सराव करू, असं जावई म्हणाला होता. सर म्हणाले, “सराव ज्यांना शिकवणारा नसतो त्यांनी करायचा.” त्यामुळे जावयाने मला न उडवताच आम्ही निघालो.

पहाट होती. लव्हाळ्यांत चिखल, पाण्यावर धुकं, दोन घडीच्या खुर्च्या. सरांनी आपली खुर्ची मांडली आणि म्हणाले, “तुम्ही माझ्या डावीकडे बसा.”

“उजवीकडे जागा कोरडी आहे, बाबा.”

“डावीकडे बसा. उजवीकडचं मी बघतो.”

जावई चिखलात बसला. मी त्याच्या मांडीवर. त्याने कानांत बोळे घातले.

सर पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “येतंय का काही?”

जावई गप्प.

“अहो, येतंय का काही?”

“काय?”

“ते काढा आधी कानातलं! इथे काय झोपायला आलात?”

जावयाने बोळे काढून खिशात ठेवले. मग मान तिरकी केली, डोळे मिटले. दुकानात केलं होतं तसंच. लव्हाळी कुजबुजत होती, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. बराच वेळ काही नाही. मग तो हळूच म्हणाला, “येतायत.”

“कुठून?” सरांनी मान पुढे केली. त्यांचा उजवा कान जवळजवळ त्याच्या तोंडाला लागला.

“मागून, उजवीकडून. पाच-सहा असतील. एकाचा पंख वेगळा वाजतोय. शीळ घातल्यासारखा. आता पाण्यावर आले. आता वळले.”

त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. दुष्काळात कुणी पाण्याची घागर पुढे करावी तसा झाला होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे धुक्यात, आणि जावयाच्या प्रत्येक शब्दासरशी भुवया वर. मी तिथे पक्षी मारायला नेलेली वस्तू, मला त्या क्षणी कुणी विचारत नव्हतं.

मग पक्षी धुक्यातून खरंच बाहेर आले आणि सर भानावर आले. “द्या इकडे!”

त्यांची स्वतःची जुनी बंदूक खुर्चीला टेकलेली होती, तरी त्यांनी मला हिसकावलं, उभे राहिले, उजवीकडून डावीकडे माझ्यासकट फिरले. डावीकडे जावई बसला होता, वाकून. माझ्या नळ्या त्याच्या डोक्यावरून गेल्या. पहिला चाप. लगेच दुसरा.

पक्ष्यांना काही झालं नाही. सगळे सुखरूप आहेत.

“हुकलं!” सर पाण्याकडे बघत म्हणाले. “थोडं पुढे धरायला हवं होतं. बघितलंत ना? असं धरायचं.”

उत्तर आलं नाही. सरांना त्याचं नवल वाटलं नाही, त्यांना उत्तरं ऐकू येत नसतच. बऱ्याच वेळाने ते वळले. जावई उजव्या कानावर हात दाबून चिखलात बसला होता.

“शिट्टी वाजतेय,” तो म्हणाला.

“शिट्टी? कुठे? कोणता पक्षी?”

“पक्षी नाही, बाबा. माझ्या कानात.”

परतताना गाडी सर चालवत होते. जावई त्यांच्या डावीकडे. सरांचा डावा कान आधीच गेलेला, जावयाचा उजवा आत्ता गेलेला. दोन निकामी कान समोरासमोर ठेवून ते दोघं घरापर्यंत आले. मी मागच्या सीटवर. इतका शांत प्रवास मी आजवर केला नाही.

आणि आता कपाटातलं ऐका.

आधी ट्यूनिंग फोर्क वाजला. सूर लावणारे लोक पोलादाचा तो दुबेळका काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरतात. डाव्या कानाशी धरला असावा, कारण श्वास सुटल्याचा आवाज आला. मग पुन्हा आपटला. मग खूप वेळ काहीच नाही. मग पियानोची अगदी वरची पट्टी. एकच. पुन्हा तीच. पुन्हा तीच.

बायको आत आली. “किती गेलंय?”

“वरचे सूर नाहीत. लाकडाचा ठोका येतो, सूर येत नाही. आणि ती शिट्टी थांबत नाही.”

“सभागृहातला पियानो?”

“दुसऱ्याला द्यायला सांगितलं.”

“काय सांगितलंस त्यांना?”

“सर्दी झालीय म्हणून.”

बायको बाहेर गेली. तिने फोनवर आईला काय सांगितलं ते मला कळलं नाही, कारण माहेरच्या फोनवर ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली होती.

सर आले. खुर्ची करकरली.

“होतं असं,” ते म्हणाले. “मलाही व्हायचं. दोन दिवसांत जातं.”

“आणि नंतर तुमचं काय झालं, बाबा?”

“मला काय झालंय? मी ठणठणीत आहे.”

मुलीची पावलं वाजली. ती त्यांच्या मागे, डावीकडे जाऊन उभी राहिली असावी, कारण आवाज माझ्या कपाटाजवळून आला. साधा, रोजचा आवाज. “बाबा, मी तुमच्या मागे उभी आहे. ऐकू येतंय?”

काही नाही.

“बाबा.”

काही नाही. खोलीतलं घड्याळ चालत होतं.

“बाबा, त्याचं कामच जाईल हो.”

“राहू दे गं,” जावई म्हणाला.

आणि मग सरांचा आवाज, बापडा, चौकशी केल्यासारखा. “काही म्हणालीस का?”

ती रडली. ते त्यांना ऐकू आलं नसावं, पण दिसलं असावं. कारण नंतर बराच वेळ फक्त खुर्ची करकरत राहिली आणि मग सर बोलू लागले. त्यांचा तो आवाज मी ओळखला नाही. त्यात ब्रेक नव्हता.

“शिकारीला येणारे माझे दोघं मित्र होते तोवर चालत होतं. माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी बसायचं. ‘आले’ म्हणायचं, मी उठायचो. त्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग एक गेला, दुसऱ्याला मुलाने आपल्याकडे नेलं. गेल्या वर्षी एकटाच गेलो. नुसता बसलो होतो. पाखरं डोक्यावरून निघून जातात, गेल्यावर दिसतात. जावईबापूंना घरातला नळ ठिबकला तरी कळतं. म्हटलं, यांना एक बंदूक घेऊन दिली की येतील माझ्याबरोबर.”

पियानोसमोरचं स्टूल सरकलं.

मग जावई बोलला. हळू, जसा तो नेहमी बोलतो. “बाबा, तुम्हाला माझे कान हवे होते. मागितले असते तर दिले असते.”

“काय?” सर म्हणाले.

घ्या! माणसाने इतक्या नाजूक शब्दांत काही सांगावं आणि त्याचं हे व्हावं. शेवटी मुलीने नाक पुसलं, वडिलांच्या उजव्या कानाशी गेली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “तो म्हणतोय, मागितले असते तर दिले असते!”

शेजारच्या घराची खिडकी उघडली. सरांची खुर्ची हलली, पावलं दारापर्यंत गेली, थांबली. “उद्या डॉक्टरकडे जाऊ,” ते म्हणाले. “दोघंही.”

मुलीने दोघांना गाडीत घातलं आणि नेलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना आळीपाळीने काचेच्या खोलीत बसवलं. जावयाला ताबडतोब औषधं सुरू झाली. पुष्कळसं परत येईल, सगळं येईलच असं नाही. सरांचं काहीच परत येणार नव्हतं, ते कधीचं गेलं होतं. त्यांना यंत्र लावावं लागेल.

आता तुम्हाला वाटेल, इथे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले असतील. छे. जावई पुढे कित्येक दिवस सासऱ्यांशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, हा भाग वेगळा. त्याची कामं दुसराच कुणी करत होता, आणि तो माझ्या कपाटाशेजारी बसून वरच्या पट्ट्या दाबत होता. रोज. कधी मधेच हात थांबवून पियानोचं झाकण आपटायचा. मोठा आवाज न सोसणारा माणूस. तेव्हा त्याने कपाट उघडून मला मोडीत काढलं असतं तर मी त्याला बोल लावला नसता.

सर रोज यायचे. दाराबाहेर, बोळात, एका स्टुलावर बसायचे आणि थोड्या वेळाने निघून जायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रवासात पाय घालणारा माणूस, पण त्या दिवसांत त्यांनी आत यायची घाई केली नाही. पायाखालचा ब्रेक या वेळी त्यांनी स्वतःच्या गाडीला लावला होता.

यंत्र लागलं त्या दिवशी सासूबाईही इकडे आल्या होत्या आणि भांडण झालं. सासूबाईंनी नेहमीच्या सुरात “चहा घेता का?” असं विचारलं आणि सर ओरडले, “अगं, किंचाळतेस काय?” त्यावर सासूबाई म्हणाल्या की मग इतकी वर्षं काय गात होते की काय मी? पुढे आठवडाभर त्या रागावून हळू बोलल्या आणि मग त्यांना त्याची सवय झाली. मला कपाटात थोडं चुकल्यासारखं झालं.

आणि एक दिवस कामाच्या खोलीत वरची पट्टी वाजली आणि तिच्यापाठोपाठ एक लांब श्वास. मग तिच्या शेजारची. मग तिच्याही शेजारची. कुणी तरी जिन्यावरून धावत वर आलं. “आला?” “आला. बारीक आहे, पण आहे.” एक बारीक शिट्टी मात्र कायमची राहिली. सगळीकडे शांत झालं की ती येते, असं तो म्हणतो. ती अमुक एका सुरात वाजते, हेही त्याने बायकोला सांगितलं. धंद्याची खोड, दुसरं काय.

त्यानंतर काही दिवसांनी तो बोळात गेला. स्टुलापाशी थांबला. “चला, तळ्यावर जाऊ.”

“बंदूक काढता?”

“नको.”

ते गेले. मला नेलं नाही, त्यामुळे तिथे काय झालं ते मी सांगू शकत नाही. एवढं ठाऊक आहे की दुपारी परतले तेव्हा सर जिन्यातूनच बोलत येत होते. “अगं, बेडूक! केवढे बोंबलतात ते! कानाचं यंत्र काढून खिशात टाकावं लागलं मला. पूर्वी इतके होते का?” जावई हसत होता. त्या दिवशीही आलेल्या सासूबाई हळूच काहीतरी म्हणाल्या आणि सरांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं.

पुढच्या वेळी जाताना त्यांनी दुर्बीण घेतली. मला जळवायला आणली असं नाही म्हणत, पण तिलाही दोन नळ्या आहेत, शेजारी-शेजारी. फरक एवढाच की ती डोळ्याला लावून माणूस काही बघतो, आणि मला लावून एक डोळा मिटतो.

मग दोघांनी मिळून मला दुकानात परत आणलं. दुकानदाराने मला उलटसुलट पाहिलं, जणू आधी कधी पाहिलंच नव्हतं. “शेजारी-शेजारी नळ्यांना हल्ली मागणी नाही हो,” तो म्हणाला. विकताना हे त्याला आठवलं नव्हतं. सरांनी शांतपणे त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “जरा हळू बोला. ऐकू येतंय मला.”

सध्या मी इथेच आहे, मागच्या भिंतीवर. गळ्यात एक चिठ्ठी आहे: ‘एकाच मालकाची. फारच कमी वापरलेली.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत, दुकानदाराच्या हातून असं क्वचितच घडतं.

आज सकाळपासून एक गृहस्थ माझ्यासमोर उभे आहेत. सोबत त्यांचा मुलगा आहे, मोठा, दाढी राखलेला. वडील उत्साहात बोलताहेत आणि मुलगा फोनमध्ये बघतोय. “आपण दोघं जात जाऊ रे,” असं ते दुसऱ्यांदा म्हणाले. तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत असेल तर माझा एक निरोप द्या. मी चांगली बंदूक आहे. नीट वापरली तर निष्ठेने राहीन. मापाची बघून घ्या, रबराच्या पॅडच्या भरवशावर राहू नका, कान झाका, आणि नळ्यांच्या वाटेत कुणी बसलेलं नाही ना ते आधी पाहा. पण साहेब, सोबत हवी असेल तर ती त्या पोराकडे मागा. ती या दुकानात मिळत नाही. दुकानदाराला मात्र विचारू नका. तो म्हणेल, पुढच्या आठवड्यात मागवून देतो.